बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा बाप

सातवा महिना लागला की मराठी घरात गडबड सुरू होते. डोहाळजेवणाची तारीख धरायची, हिरवी साडी आणायची, फुलांच्या वाडीची ऑर्डर द्यायची. दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मग डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आजीच्या मऊ सुती साड्यांची दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, बाळंतविडा. न्हाऊ-माखू घालणारी बाई आत्तापासून सांगून ठेवायची, कारण चांगली बाई ऐनवेळी मिळत नाही. ही सगळी यादी पिढ्यान्‌पिढ्या वापरून नेमकी झालेली आहे आणि तिच्यात बाळंतिणीच्या शरीराची बारीक काळजी आहे. पण आई-बाप होऊ घातलेल्या दोघांनी समोरासमोर बसून ‘आता आपल्या दोघांचं काय होणार’ हे बोलायचं, असं त्या यादीत कुठेच नसतं.

ते असायला हवं, आणि बाळ जन्माला येण्याआधी असायला हवं. नंतर बोलू म्हटलं तर नंतर बोलायला त्राण उरत नाही.

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, हे ऐकून पुष्कळ जण निर्धास्त होतात. ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाला पाजावं लागतं, म्हणजे रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठणं आलं. पहिले दोन-तीन दिवस आईला भरपूर दूध उतरत नाही, बाळाचं वजन जन्मावेळेपेक्षा थोडं घटतं, आणि या दोन्ही गोष्टी सहसा स्वाभाविक असतात. ज्या घरात हे कुणाला माहीत नसतं तिथे ‘हिला दूधच पुरत नाही’ हा पहिला ठपका याच दिवसांत ठेवला जातो. टाके दुखत असताना, झोप उडालेली असताना, भोवती पाहुण्यांची वर्दळ असताना तो ऐकून घ्यावा लागतो. नवऱ्याला ही माहिती आधीपासून असेल तर तो तिच्या बाजूने चार शब्द बोलू शकतो. नसेल तर घाबरून तोही पावडरच्या दुधाचा डबा आणायला धावतो, आणि आपल्यावर त्याचाही विश्वास नाही ही भावना तिच्या मनात घर करते. पुढच्या कित्येक भांडणांचं मूळ अशा एखाद्या दुपारी सापडतं.

पहिल्या मुलाच्या आगमनाने जोडप्याचं नातं हलतं, हे आता नवं राहिलेलं नाही. ई. ई. लेमास्टर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली ४६ जोडप्यांशी बोलून लेख लिहिला. त्यांपैकी ३८ जोडप्यांनी पहिल्या बाळानंतरचा काळ मोठ्या किंवा तीव्र संकटाचा होता असं सांगितलं. मूल नको असलेली ही जोडपी नव्हती, बहुतेकांनी ते ठरवून किंवा हौसेने होऊ दिलं होतं. पुढे जॉन गॉटमन, ॲलिसन शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षं माग ठेवला. मूल झाल्यावर साधारण दोन तृतीयांश बायकांचं संसारातलं समाधान घसरलेलं दिसलं. उरलेल्या एक तृतीयांशांचं टिकलं, आणि ते कशामुळे टिकलं हा त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. नवऱ्याला बायकोबद्दल वाटणारी माया आणि एकमेकांच्या आयुष्यात काय चाललं आहे याची दोघांना असलेली जाण, या गोष्टी बाळ होण्याच्या आधीच ज्या घरात होत्या, ती घरं सावरली. म्हणजे तयारीची खरी वेळ आधीचीच.

कॅलिफोर्नियात बर्कली इथे फिलिप आणि कॅरोलिन कोवान या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीने याच वेळेचा उपयोग करून पाहिला. बाळंतपणाला तीन महिने उरलेली काही जोडपी त्यांनी गटाने एकत्र बसवली. आठवड्यातून एकदा, अशा चोवीस बैठका झाल्या. निम्म्या बाळांच्या जन्माआधी, निम्म्या जन्मानंतर. कुणी भाषण दिलं नाही. कामं कोण करणार, पैशाचं काय, दोघांच्या आई-वडिलांचं काय, एकमेकांसाठी वेळ कसा काढायचा, एवढंच बोलणं होत राहिलं. या जोडप्यांमधलं समाधान पुढच्या काळात स्थिरावलं. बैठकांना न बसलेल्या जोडप्यांमधलं घसरत राहिलं.

आपल्याकडे अशा बैठका नाहीत. आपल्याकडे माहेर आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत थोर आहे, हे आधी मोकळेपणाने म्हणायला हवं. सव्वा महिना, कुठे तीन महिने, बाईला हातात गरम ताट मिळतं, शेक मिळतो, मालिश मिळते आणि ‘झोप आता, मी बघते बाळाकडे’ असं म्हणणारी आई मिळते. जपानमध्येही बाळंतपणाला माहेरी जाण्याची अशीच जुनी प्रथा आहे. सासरी अवघडून बसण्यापेक्षा माहेरी पाय पसरून रडता येतं, ही सोय लहान नाही. पण या रीतीत बाप कुठे आहे? तो रविवारी फळं घेऊन येतो. त्याला जावई म्हणून पाट मांडला जातो, चहा-पोहे दिले जातात. बाळ पाच मिनिटं त्याच्या मांडीवर ठेवतात आणि ‘सांभाळून, मान धरा’ म्हणत परत उचलतात. अंघोळीच्या वेळी तो नसतो, रात्री दोन वाजता तो नसतो, शी पातळ झाली म्हणून सगळे घाबरलेले असतात तेव्हा त्याला फोनवर कळतं.

मग कधीतरी ती बाळ घेऊन घरी परतते. तोवर भुकेचं रडणं कोणतं, पोटात वायू धरल्याचं कोणतं, हे तिला आवाजावरून कळू लागलेलं असतं. त्याला काहीच कळत नसतं. ती शिकवणारी आणि तो चुका करणारा, अशी वाटणी पहिल्याच आठवड्यात होऊन बसते. दोन-तीनदा ‘तुला नाही जमायचं, दे इकडे’ ऐकलं की तो मागे सरतो. त्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. तिला वाटतं, याला करायचंच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. यावर उपाय माहेरपण मोडण्याचा नाही. त्या सव्वा महिन्यात जावयाला चार रात्री का होईना बाळंतिणीच्या खोलीत झोपू द्या, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायला शिकवा, लंगोट बदलू द्या. सासूबाईंनी मनावर घेतलं तर हे कुठल्याही कायद्याशिवाय उद्यापासून होण्यासारखं आहे.

बाईला आईपण उपजत येतं आणि पुरुषाला बापपण येतच नाही, हा समज शरीरशास्त्रालाही मान्य नाही. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा काही वर्षं अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. जे बाप झाले त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ठळकपणे कमी झालं. जे बाप रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ बाळाचं करत होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी आढळलं. म्हणजे बाळाला हाताळण्याशी पुरुषाच्या शरीरातल्या बदलाचंही नातं आहे. बाळाला हात लावू दिला तरच हे होणार.

बाळ होताना बापाने कुठे असायचं, या प्रश्नाची गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. १९७६ साली सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना त्यांना मुलगा झाला. तिथून संघ थेट वेस्ट इंडिजला गेला आणि बाळाचं तोंड बघायला बापाला अडीच महिने थांबावं लागलं. ऑक्टोबर २०१९मध्ये अजिंक्य रहाणे विशाखापट्टणमला कसोटी खेळत असताना त्याला मुलगी झाली. त्यानंतर वर्षभराने विराट कोहलीने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात पहिल्या कसोटीनंतर पालकत्वाची रजा घेतली, तेव्हा त्याच्यावर टीका करणारे काही कमी नव्हते. ॲडलेडला संघ ३६ धावांत गडगडला होता आणि कर्णधार घरी निघाला होता. रहाणेने नेतृत्व हाती घेतलं, मेलबर्नला शतक काढलं आणि भारताने मालिका २-१ अशी जिंकली. एक माणूस बाप होण्यासाठी घरी गेला म्हणून काम थांबत नाही, याचं इतकं मोठं उदाहरण देशासमोर घडलं.

त्याच दौऱ्यात टी. नटराजन हा गोलंदाजही होता. आयपीएलच्या शेवटच्या टप्प्यात तो पहिल्यांदा बाप झाला आणि तिथूनच ऑस्ट्रेलियाला गेला. मुलीला त्याने पाहिलं ते जानेवारीत दौरा संपल्यावर. कर्णधाराला एक न्याय आणि नवख्या गोलंदाजाला दुसरा, याकडे बोट दाखवलं ते गावसकरांनीच. घराघरांतही नेमकं असंच चालतं. रजा मिळते ती ज्याला ‘मी जातो’ म्हणता येतं त्याला.

तर बोलायचं काय? रात्रीची पाळी कशी लावायची, इथपासून सुरुवात करावी. अंगावर पाजायचं तिलाच आहे, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं ही कामं त्याची असू शकतात. ती त्याची आहेत हे आधी ठरलेलं असेल तर पहाटे तीनला कुणाला कुणाकडे मागावं लागत नाही. मागावं लागणं, हेच पुष्कळ बायकांना सर्वांत जास्त थकवतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरच्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१ टक्के. त्यातही करणाऱ्या बाईचा दिवसाला १४० मिनिटं वेळ जात होता आणि करणाऱ्या पुरुषाचा ७४. ‘मी मदत करीन’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यांनी हे आकडे बायकोसोबत वाचावेत आणि मदत हा शब्द इथे लागू होतो का, हेही दोघांनी ठरवावं.

दुसरा विषय नाजूक. तुझी आई आणि माझी आई. बाळगुटी द्यायची का, काजळ घालायचं का, सहा महिने पाणीसुद्धा नको म्हणून डॉक्टर सांगतात त्याचं काय करायचं, बाळाला किती जणांनी उचलायचं. प्रत्येक प्रश्नावर दोन घरांची दोन मतं असतात आणि दोन्हीकडे आजीचा जीव गुंतलेला असतो. आजीला नाही म्हणायची वेळ आली तर ते तिच्याच मुलाने किंवा मुलीने म्हणावं, सुनेने किंवा जावयाने नाही. एवढा एक नियम आधी ठरवला तरी घरातलं निम्मं वादळ दाराबाहेर राहील.

पैशाचं आणि नोकरीचं बोलणं पुढे ढकलू नये. २०१७च्या दुरुस्तीने संघटित नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ कुणाकडे राहणार, हा प्रश्न मात्र घरातच सुटतो आणि बहुधा एकाच पद्धतीने सुटतो. ती नोकरी सोडते. तिने सोडावी की नाही, हा त्या दोघांचा निर्णय. पण तो दोघांनी मिळून घेतलेला असावा. आपोआप झालेला नसावा.

शरीराच्या जवळिकीबद्दल तर घरोघरी मौन आहे. प्रसूतीनंतर साधारण सहा आठवडे थांबायला डॉक्टर सांगतात. पुढेही थकवा, टाक्यांची भीती आणि स्तनपानाच्या काळातले संप्रेरकांचे बदल यांमुळे बाईला इच्छा न होणं अगदी सामान्य आहे. हे आधी माहीत नसलेला नवरा ते स्वतःचं नाकारलं जाणं समजतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि या विषयावर नवरा-बायकोने न लाजता बोलावं म्हणून आयुष्य वेचलं. शंभर वर्षांनीही मराठी जोडपी हा विषय अंधारातच ठेवतात, हे खेदाचं आहे.

आणि बापाने आणखी एक गोष्ट बोलावी, ती स्वतःच्या बापाबद्दल. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल कडेवर घेणं पूर्वी कमीपणाचं मानत. आज तिशीत असलेल्या कितीतरी पुरुषांना वडिलांचा धाक आठवतो, स्पर्श आठवत नाही. आपल्याला वेगळं व्हायचं आहे, हे त्यांना माहीत असतं. वेगळं म्हणजे कसं, हे त्यांनी कुणाला पाहिलेलं नसतं. बायकोला हे कळलं तर त्याच्या अवघडलेपणाचा अर्थही तिला कळेल.

आता ज्याकडे दुर्लक्ष केल्यास जिवावर बेतू शकतं त्याबद्दल. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुसंख्य बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, झोपायला मिळूनही झोप लागेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटू लागलं, तर तो आजार आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. वीस हजारांवर बायकांच्या त्या आढाव्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. पाचातली एक. हे ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली आहे. ती भरायला पाच मिनिटं पुरतात. बापालाही हा आजार होतो. २०१०च्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्य दिसलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सर्वाधिक होतं. पुरुषात ते रडण्याऐवजी पुष्कळदा चिडणं, घरी उशिरा येणं, पिणं अशा वाटांनी बाहेर पडतं, म्हणून ओळखू येत नाही. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२पासून चोवीस तास आणि मोफत चालू आहे, मराठीतूनही बोलता येतं. डोहाळजेवणाच्या आमंत्रणावर हा क्रमांक छापला तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

हे सगळं शहरी, शिकलेल्या जोडप्यांचं झालं, असं कुणी म्हणेल. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी जोडपी घ्या. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते, आणि एकाने खाडा केला तरी पैसे कापले जातात. पोटुशी बाई फडात मोळ्या बांधते, पालावर बाळंत होते आणि थोड्याच दिवसांत कामाला लागते. त्या जोडप्याला ‘एकमेकांशी बोला’ हा सल्ला देण्याआधी मजुरी न बुडता थांबता येईल अशी सोय द्यावी लागेल. मनाची तयारी करायलाही थोडी उसंत लागते, आणि ती या राज्यात फार थोड्यांच्या वाट्याला येते.

तरी त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता महाराष्ट्रानेच देशाला दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले हे दाखवणारा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे तीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जाते. ती बाळाचं वजन घेते, ताप बघते. त्या सहा भेटींत आईच्या मनाची विचारपूस बसवावी आणि किमान एका भेटीला बाप घरी असेल असं बघावं. अर्थात आशाताईंच्या माथ्यावर आणखी एक फुकटचं काम टाकून हे करू नये. त्याचं प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही द्यावं.

बापाच्या रजेचा प्रश्न मात्र सरकारनेच सोडवायचा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही. कंपनीची मर्जी, एवढंच. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. १५ दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद आणि असंघटित कामगारांचाही समावेश, असं त्याचं स्वरूप होतं. ते मंजूर झालं नाही. मराठवाड्यातल्या खासदाराने मांडलेलं हे विधेयक महाराष्ट्रातल्या सगळ्या पक्षांच्या खासदारांनी पुन्हा उचलून धरावं. अशा रजेचा उपयोग होतो याला पुरावा आहे. स्वीडनने २०१२ साली पहिल्या वर्षात आई रजेवर असतानाच बापालाही ३० दिवसांपर्यंत, हवे तेव्हा सुटे सुटे घेता येतील असे दिवस दिले. पेत्रा पर्शन आणि माया रॉसिन-स्लेटर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. पहिल्या सहा महिन्यांत बाळंतिणींना चिंतेवरची औषधं लिहून देण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं होतं. बाप घरी असला की आई कमी आजारी पडते, इतका साधा हा हिशेब आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर, झाडाखाली, मोटारसायकलवर बसून वाट पाहणारे नवरे कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतील. आरोग्य खात्याने त्यांना आत बोलवावं, अर्धा तास दोघांना एकत्र बसवून बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांबद्दल सांगावं. आणि खात्याने बोलावलं नाही तरी नवऱ्यांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या खोलीत बायकोशेजारी बसावं, आणि आपले प्रश्नही विचारावेत.